यादीत नसलेला घ.

३ मार्च, सोमवार

काम हातात घेतलं की त्याची नोंदवही उघडायची, ही खात्यातली सवय. तीस वर्षं दुकानांतले काटे आणि वजनं तपासतो आहे. नोंद नसलेलं काम झालं असं मला वाटतच नाही. म्हणून ही वही. हिच्या टेबलाच्या खणात कोरी सापडली.

ही जाऊन सहा आठवडे झाले. इस्पितळात एकदा म्हणाली होती, ‘अहो, माझ्या कीपचं तेवढं बघाल?’ मी ‘बघतो’ म्हणालो होतो. म्हणून आज कोशाच्या कार्यालयात गेलो.

तिथे इंग्रजी कथा-कादंबऱ्या वाचणाऱ्यांसाठी इंग्रजी-मराठी कोश करताहेत. एकेक शब्द एकेकाला वाटून दिला आहे. हिच्या वाट्याला ‘कीप’ आला होता. त्या एका शब्दाला हिने सहा वर्षं दिली. मी एकदा म्हणालोही होतो, ‘ठेवणे’ असं लिहून मोकळी का होत नाहीस. ती हसली आणि दुसरंच काहीतरी विचारायला लागली.

अकराची वेळ दिली होती. मी अकराला दार ढकललं. दारापाशी एक वयस्क टंकलेखक बसतात. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत तोंड करून म्हणाले, ‘आलं वाटतं.’ काय आलं ते कळलं नाही.

संपादकबाई माझ्या वयाच्या आहेत. जाड चष्मा. म्हणाल्या, ‘या अक्षराचा खंड एकतीसला छापायला जातो. तोवर चिठ्ठ्या अर्थांप्रमाणे लावून, संदर्भांसकट आल्या तर बरं. नाहीतर शब्द आमच्या एका प्राध्यापकांकडे द्यावा लागेल. ते जुने कोश समोर ठेवून आठ दिवसांत करून देतात.’

‘मग हिचं काम?’

‘ते बाजूला राहील. प्रत्येक शब्दाच्या शेवटी करणाऱ्याची आद्याक्षरं छापतो आम्ही. तिथे त्यांची येतील.’

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, ‘तुम्हाला जमेल?’

‘बघतो.’

‘बघतो म्हणजे?’

‘बघतो म्हणजे करतो.’

‘हो, ते माहीत आहे मला,’ म्हणाल्या. त्यांना कसं माहीत, ते मी विचारलं नाही.

४ मार्च, मंगळवार

बुटांचे तीन खोके. एकूण चिठ्ठ्या ६१४. दोनदा मोजल्या.

प्रत्येक चिठ्ठीवर वरच्या अंगाला कादंबरीतलं किंवा गोष्टीतलं इंग्रजी वाक्य, पुस्तकाची खूण, पान. खाली त्याच अर्थाचं मराठी वाक्य आणि ते कुठून घेतलं त्याची खूण. या कोशाचा नियम असा, की करणाऱ्याने स्वतःच्या डोक्यातला मराठी शब्द घालायचा नाही. कुणीतरी लिहिलेला किंवा बोललेला असावा लागतो. बोललेला असेल तर तारीख हवी. सगळ्या खुणांची एक यादी खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवली आहे.

नियम मला पटला. आमच्याकडेही तसंच आहे. माझ्या पेटीतलं वजन खात्यातल्या वजनाशी ताडलेलं, खात्यातलं त्याच्या वरच्याशी. मूळ माहीत नसलेल्या वजनाला मी शिक्का मारत नाही.

६ मार्च, गुरुवार

वाचायला लागलो. इंग्रजी शाळेपुरतं येतं, पण हिचं अक्षर सुवाच्य.

एका गोष्टीत म्हातारी विचारते, हा पाव गुरुवारपर्यंत कीप होईल का. म्हणजे टिकेल का. एका कादंबरीत कैदी दिलेला शब्द कीप करतो, म्हणजे पाळतो. एका बाईने सहा कोंबड्या कीप केल्या आहेत. एक मुलगा चालत राहतो, तेही कीप. एकजण उशिरा येतो, त्याला विचारतात, तुला कशाने कीप केलं. एका गोष्टीत बाप मुलीपासून तिच्या भावाचं पत्र कीप करतो, म्हणजे लपवतो. पण पुढच्याच चिठ्ठीत दुसरी मुलगी तसंच पत्र कीप करते, आणि इथे अर्थ जपून ठेवते. डायरी लिहिणं कीप. गप्प बसणं कीप. पोटापुरतं मिळवणं कीप. किल्ल्याच्या मधोमध असतो तो जाड भिंतींचा बुरूज, तोही कीप.

हिने सतरा अर्थ काढले आहेत. माझं डोकं गरगरलं. एक किलोचं वजन साखरेला एक किलो आणि खिळ्यांना सव्वा किलो भरलं तर मी दुकान बंद करीन.

९ मार्च, रविवार

लेकीचा फोन आला. ती दूर असते, रविवारी दुपारी करते.

‘बाबा, जेवलात?’

‘हो.’

‘काय जेवलात?’

‘भात.’

‘भाताबरोबर?’

‘भातच.’

मग म्हणाली, ‘आईच्या शब्दाचं कुठवर आलं?’

मी म्हणालो, एक शब्द आणि सतरा अर्थ, माणसाने धरायचं काय.

‘तुम्ही नाही का ‘बघतो’ म्हणत? कधी त्याचा अर्थ करतो, कधी नको, कधी आता जा. आम्हाला बरोबर कळायचं.’

मला हे नवीन होतं.

फोन ठेवल्यावर आठवलं. ही जेवताना काहीतरी भलतंच विचारायची. ‘अहो, समजा कुणी आपल्याला बोलत बसवलं आणि आपल्याला निघायचंय, तर काय म्हणाल?’ मी म्हणायचो, निघतो म्हणेन. ‘आणि तुम्हीच कुणाला बसवलं असेल तर?’ मी भाजी वाढून घ्यायचो. हिचं लक्ष जेवणात नसायचं. पुष्कळदा मध्येच उठून हात पुसून टेबलाकडे जायची. मला वाटायचं, माझ्याशी बोलून कंटाळली.

११ मार्च, मंगळवार

एक अडचण आली आहे.

मराठी वाक्यांचे बरेचसे संदर्भ लागतात. पुस्तकं आहेत, आणि अकरा बोलणारी माणसं आहेत: दूधवाली, खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी, इस्पितळातली परिचारिका, अशी. प्रत्येकाची खूण यादीत आहे. पण सगळ्यांत जास्त चिठ्ठ्यांवर नुसता ‘घ.’ आहे. तो यादीत नाही.

२०३ चिठ्ठ्या. तिसरा हिस्सा. सगळ्यांवर तारखा, म्हणजे बोलणारा माणूस.

काही उतरवून घेतो.

उशीर झालेल्या माणसाला विचारण्याचा अर्थ: “कुठे अडकलीस?” घ.

करत राहण्याचा: “चालू दे तुझं.” घ.

टिकण्याचा: “उद्या सकाळपर्यंत निभेल.” घ.

कुणाला अडकवून न ठेवण्याचा: “जा, तुझा खोळंबा नको.” घ.

स्वतःपाशी ठेवण्याचा: “कुणाला बोलू नकोस. मीही बोलत नाही.” घ.

पुरुष दिसतो. फार बोलणारा नाही, आणि बोलला तरी अर्धंच वाक्य. थोडा तुसडाच म्हणायचा. पण हिच्याशी एकेरीत बोलतो. बाहेर हिला अगं-तुगं करणारा पुरुष मला तरी माहीत नाही.

१२ मार्च, बुधवार

पुस्तकांची दोन कपाटं पाहिली. घ पासून सुरू होणारं एकही पुस्तक नाही. तसंही पुस्तकाला तारीख नसते.

माझ्या दौऱ्याच्या वह्या काढल्या आणि ‘घ.’च्या तारखा ताडून पाहिल्या. मी बाहेरगावी असताना हा माणूस भेटत असणार, असं माझ्या मनात आलं होतं. आलं होतं ते लिहितो. पण निघालं उलटंच. मी दौऱ्यावर असलेल्या दिवसांची एकही चिठ्ठी नाही. दोनशेतीनही चिठ्ठ्या मी घरी असलेल्या दिवसांच्या. जास्त करून संध्याकाळच्या, काही सुट्टीच्या दिवशी सकाळच्या.

म्हणजे मी घरात असताना. फोनवर बोलत असेल काय? पण ही फोनवर कधी कुजबुजली नाही. काही उमगत नाही.

१३ मार्च, गुरुवार

कार्यालयात फोन केला. संपादकबाई आठवडाभर बाहेरगावी आहेत. नवीन तपासनीस बाई होत्या. त्या म्हणाल्या, ‘यादीत नसलेल्या संदर्भाच्या चिठ्ठ्या बाद. बोलणाऱ्याचं नाव-गाव, सही हवी. नियमच आहे.’

‘बरोबर आहे,’ मी म्हणालो.

२०३ चिठ्ठ्या काढून वेगळ्या ठेवल्या. नियमाप्रमाणे केलं. तरी लिहून ठेवतो की काढताना मला बरं वाटलं, आणि ते नियमामुळे नव्हतं.

१४ मार्च, शुक्रवार

खात्यातल्या खुणेच्या चिठ्ठ्या संपून महिना झाला. मागणी पाठवली, उत्तर नाही. तपासलेल्या काट्यावर तारीख लिहून चिठ्ठी चिकटवावी लागते, नाहीतर आमचा माणूस दुसऱ्यांदा तोच काटा तपासत बसतो. ‘घ.’च्या चिठ्ठ्या जाड कागदाच्या आहेत आणि मागून कोऱ्या. गठ्ठा पेटीत टाकून नेला. आज बाजारात बावीस लावल्या. वर काय लिहिलंय ते वाचलं नाही. एकदा वाचून पुरे झालं होतं.

१६ मार्च, रविवार

लेकीला सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘तुझ्या आईच्या ओळखीत घ पासून नाव असलेलं कुणी होतं?’

‘घ पासून कोण असतं, बाबा?’

‘म्हणून विचारतो.’

‘माझ्याशी तर ती तुमच्याबद्दलच बोलायची. आज तुम्ही काय म्हणालात ते.’

‘मी काय म्हणणार?’

‘तेच तर. तेसुद्धा सांगायची.’

मी विषय बदलला. तिच्याकडे पाऊस आहे का विचारलं. नव्हता.

१८ मार्च, मंगळवार

बाजाराच्या दुसऱ्या अंगाचे काटे झाले. आणखी सोळा चिठ्ठ्या गेल्या. एकूण ३८.

घरी उरलेल्या ४११ अर्थांप्रमाणे लावल्या. इंग्रजी बाजू भक्कम आहे. मराठी बाजूला भोकं पडली. सतरापैकी आठ अर्थांना आता एकही मराठी वाक्य नाही. किल्ल्याचा बुरूज आहे, कोंबड्या आहेत, दिलेला शब्द आहे. अडवणं नाही, सोबत करणं नाही, करत राहणं नाही. रोजच्या वापरातलं सगळं त्या माणसाकडे होतं.

सतराव्या अर्थाची चिठ्ठी एकच आहे आणि मराठी बाजू मुळातच कोरी. इंग्रजीत एक मुलगी पत्राच्या शेवटी विचारते, तू कसा कीप करतो आहेस. म्हणजे तब्येत, एकूण बरं चाललंय का, असं. खाली पेन्सिलने हिने लिहिलंय: ‘घ.ला विचारायचं.’

विचारलं नाही वाटतं. सतरा अर्थांचं त्याला विचारत बसली, आणि बरा आहेस का एवढंच राहिलं.

२१ मार्च, शुक्रवार

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

अकराला कार्यालयात गेलो. संपादकबाई परत आल्या होत्या. मी लावलेला खोका त्यांनी उघडला, भराभर चाळला, मग पुन्हा पहिल्यापासून सावकाश चाळला.

‘बाकीच्या कुठे आहेत?’

‘बाद केल्या.’

‘कुठल्या?’

‘‘घ.’ संदर्भाच्या. यादीत नाही. नियम आहे.’

त्यांनी चष्मा काढला. ‘बाद केल्या म्हणजे... आहेत ना पण?’

‘काही आहेत. अडतीस बाजारात आहेत.’

‘बाजारात?’

मी काट्यांचं सांगितलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हसतील असं वाटलं, पण हसल्या नाहीत.

‘अहो, त्याच तर खऱ्या चिठ्ठ्या. मी दर वर्षी तिच्या मागे लागायचे, ‘घ.’ची सही घे, यादीत घाल. ती म्हणायची, शेवटी घेईन. आधी सांगितलं तर तो जपून बोलायला लागेल, नाहीतर बोलायचाच बंद होईल. सांगून गेलं की काटा नेहमी बरोबरच असतो, म्हणायची.’

हे वाक्य माझं आहे. खात्यात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो. हिला कधी सांगितलं ते आठवेना.

‘तो कोण?’ मी विचारलं.

टंकलेखक दारातूनच म्हणाले, ‘घड्याळ.’

‘पावणेसहाला इथे त्यांची खुर्ची मागे सरायची,’ ते म्हणाले. ‘निघते हो, सहा दहाला आमचं घड्याळ घरी येईल. सहा वर्षं ऐकतोय. तुम्ही अकराची वेळ घेतलीत तेव्हाच मी बाईंना म्हटलं होतं, बघा आता, टोला आणि पाऊल एकदम पडेल.’

मी म्हणालो, आमच्याकडे भिंतीवर घड्याळ आहे, पण ते बोलत नाही.

संपादकबाईंनी टेबलावरची एक चिठ्ठी उगाच सरळ केली. मी नमस्कार करून निघालो. पहिल्या जिन्यापर्यंत मी भिंतीवरच्याच घड्याळाचा विचार करत होतो. तिथे एका पायरीवर थांबलो. किती वेळ थांबलो ते सांगता येणार नाही. खालून वर येणाऱ्या एक बाई म्हणाल्या, ‘बरं वाटत नाही का?’ मी म्हणालो, ‘जा, तुमचा खोळंबा नको.’

आणि मग कठडा धरला.

२२ मार्च, शनिवार

सुट्टी. खात्यात जाऊन माझ्या खणात ठेवलेल्या १६५ चिठ्ठ्या घेऊन आलो. सगळ्या वाचल्या. माझाच आवाज, पण मी कधी ऐकला नव्हता असा.

“राहू दे, मी धुतो.” टवका उडालेला पेला हातातून घेताना बोललो असेन. हिने ते वाक्य सांभाळून ठेवण्याच्या अर्थाखाली घातलं आहे. का, ते समजत नाही. पण तिने घातलं आहे, तर तिथेच राहील.

२४ मार्च, सोमवार

चिठ्ठ्या परत गोळा करायला निघालो. लोक घाबरले. आठ दिवसांत दोनदा तपासणी कधी होत नाही. खिळे-बिजागऱ्या विकणाऱ्याने मला बघताच काट्याचं पारडं पुसायला घेतलं.

‘साहेब, काही चुकलं का?’

‘नाही. चिठ्ठी हवी आहे. दुसरी देतो.’

‘चिठ्ठीत खोट आहे?’

‘चिठ्ठी चांगली आहे.’

‘मग नेता कशाला?’

‘घरची आहे,’ म्हणालो.

एकवीस मिळाल्या.

२५ मार्च, मंगळवार

आणखी चौदा. मासळीवाल्याकडच्या दोन गेल्या. बर्फाच्या पाण्यात लगदा झाला. त्यावर काय होतं ते माझ्याकडे उतरवलेलं नाही. संपादकबाईंना फोन केला, आठवून लिहिलं तर चालेल का. म्हणाल्या, नाही. बरोबर आहे.

एक राहिली. फळवालीचं दुकान बंद होतं.

२६ मार्च, बुधवार

फळवाली भेटली. बोलकी बाई आहे. मला बघून म्हणाली, ‘या, बसा.’

‘बसायला नाही आलो.’

‘मग चिठ्ठीवर तसं कशाला लिहिता? आम्ही वाट बघतोय, साहेब आता येतील आणि बसतील. धाकटीने खास स्टूल आणून ठेवलंय.’

मी तारीख घालून दिलेली चिठ्ठी तिनेच काट्याच्या काचेला समोरून चिकटवली होती, माझी तारीख आत आणि हिचं अक्षर बाहेर, गिऱ्हाइकांकडे. कुणीही वाचावं अशी. “बसतो जरा.” घ. १४ जानेवारी.

अक्षर वाकडं होतं. टेकूशिवाय लिहिलेलं.

डिंक पक्का बसला होता. शिक्का खरवडायचं पातं माझ्याकडे असतं, ते काढलं आणि परत पेटीत ठेवलं. फळवालीने माझ्याकडे पाहिलं आणि स्टूल पुढे सरकवलं. मी बसलो. तिने गरम पाण्यात फडकं बुडवून कागदावर धरून ठेवलं. तेवढ्या वेळात तिने तीन गिऱ्हाइकं केली आणि मला एकदाही काही विचारलं नाही. मग टोक धरून चिठ्ठी अख्खी सोडवून दिली.

‘बायकोचं अक्षर?’ तिने विचारलं.

‘हो.’

‘काट्याला कशी आली?’

‘माझी चूक.’

तिने दोन संत्री कागदात गुंडाळली. तपासायला गेलो की मी दुकानदाराकडून काही घेत नाही. आज घेतली.

२७ मार्च, गुरुवार

१४ जानेवारीला इस्पितळात काय झालं ते लिहून ठेवतो, मला आठवतं तसं.

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. बाकीचे उठून गेले. ही म्हणाली, ‘अहो, आता काय करणार तुम्ही?’ मला वाटलं घरी जाऊन काय करणार असं विचारते आहे. खरं तर मला घरी जायचंच नव्हतं. मी म्हणालो, ‘काही नाही. बसतो जरा.’

तिने उशीखालून पेन्सिल काढली आणि काहीतरी लिहिलं. मला राग आला होता. आता इथेसुद्धा हिला लिहायचं सुचतं, असं वाटलं. मी खिडकीकडे तोंड करून बसलो. परिचारिकेने उठवेपर्यंत बसलो, पण खिडकीकडे बघत.

चिठ्ठीवरचा अर्थ आहे सोबत करण्याचा. त्या अर्थाची ही एकच चिठ्ठी.

ती काय लिहिते आहे हे विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं का? की मी जपून बोलायला लागेन म्हणून तेव्हाही नाही? हा गुंता माझ्याकडून सुटत नाही. सुटेल असंही दिसत नाही.

३० मार्च, रविवार

लेकीला सगळं सांगितलं.

मग म्हणाली, ‘बाबा, खरंच तुम्हाला कळलं नव्हतं? एकाही चिठ्ठीवरून?’

‘तो माणूस जरा तुसडा वाटला होता.’

ती हसता हसता रडायला लागली. की रडता रडता हसायला, फोनवर नक्की कळलं नाही. मी ऐकत राहिलो. शेवटी तिनेच विचारलं, ‘आहात ना?’

‘आहे.’

चिठ्ठ्या लावून झाल्या. ६१२. सतराव्या अर्थाची मराठी बाजू कोरीच. संध्याकाळी दुसरं संत्रं खाल्लं.

३१ मार्च, सोमवार

अकराला कार्यालयात. टंकलेखकांनी भिंतीकडे पाहिलं नाही, उठून खुर्ची दिली.

संपादकबाईंनी खोका मोजून घेतला. मग बोलणाऱ्याचा तक्ता पुढे ओढला आणि स्वतःच भरायला घेतला. नाव. वय. व्यवसाय. शिक्षण. करणाऱ्याशी नातं. इथे माझ्याकडे न बघता लिहीत गेल्या. ‘वाक्यं टिपली जाताना बोलणाऱ्याला कल्पना होती का?’ वाचून दाखवलं आणि ‘नाही’वर खूण केली. पुढचा रकाना हयात की दिवंगत. तिथे त्यांनी पेन उचलून क्षणभर धरलं. यादीतले बरेचसे लोक दिवंगत असतात, म्हणाल्या. मग खूण केली.

मी सही केली. यादीत ‘घ.’ बारावा लागला.

‘शेवटी तिचीच आद्याक्षरं येतील,’ त्या म्हणाल्या.

‘बरं.’

‘एक अर्थ मात्र कोरा जातोय. जाऊ दे. सोळा मिळाले, हेच पुष्कळ.’

खोका त्यांनी कपाटात ठेवला. कपाट लोखंडी आहे, कुलूप चांगलं आहे. मी पिशवीची घडी घातली. आता इथे यायचं काही कारण राहिलं नव्हतं. दारापाशी पोचलो तेव्हा त्यांनी मागून विचारलं, आवाज वेगळा होता, कामाचा नव्हता,

‘आणि तुमचं काय? कसे आहात?’

‘आहे आपला,’ मी म्हणालो.

टंकलेखकांनी कानावरची पेन्सिल काढून संपादकबाईंपुढे धरली. त्यांनी कपाट पुन्हा उघडलं, खोक्यातली शेवटची, सतराव्या अर्थाची चिठ्ठी काढली आणि तारीख घालून लिहिलं. मी उभा राहून पाहिलं.